बेलखडीचा दर्या करंडक

१

कपाटाचं दार उघडलं आणि ज्योतिबा सुभेदारांचा हात तसाच हवेत राहिला. आत कप नव्हता.

बाहेर सगळी तयारी झाली होती. अंगणात मांडव, मांडवात निम्मं बेलखडी, कोपऱ्यात जाळ करून हलगीवाले हलग्या शेकत बसलेले. ज्याच्यासाठी ही सगळी धामधूम, त्या कपाचाच पत्ता नव्हता. लग्नघर सजावं आणि नवराच नाहीसा व्हावा तशी मंडळींची तोंडं झाली.

चारुलता केळकर मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या सांगलीच्या. उभी नोकरी त्यांनी विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करण्यात घालवली. जळालेली हळदीची गोदामं, पुरात बुडालेली दुकानं आणि न बुडताच बुडाली म्हणून सांगितलेली दुकानं, असं सगळं पाहून त्या निवृत्त झाल्या होत्या. इथे त्या हवापालट म्हणून भाच्याच्या गाडीत बसून आल्या होत्या. भाचा सौमित्र कोकणात करंजखोल बंदराला असतो. तिथल्या समुद्रकाठच्या फुटबॉल मैदानाचा इतिहास लिहायचं काम त्याच्याकडे आहे, आणि आज तो हा कप न्यायला आला होता.

त्या मैदानाचं नाव दर्या मैदान. मुळात ती कोळ्यांची जाळी वाळवायची जागा. पोरांनी तिथे चेंडू आणला, मग गॅलरी आली आणि मग दर्या करंडक. समुद्राच्या बाजूला कमरेएवढी भिंत होती. जोराचा फटका बसला की चेंडू थेट पाण्यात, म्हणून होडीवाला एक माणूस कायम तैनात असे. उधाणाच्या दिवशी पाणी भिंतीवरून आत यायचं, तेव्हा रेफरी शिट्टी फुंकून आधी स्वतः खुर्चीवर चढायचा. नियम असा, की जिंकेल त्याने कप घरी न्यावा आणि पुढच्या वर्षी परत आणावा. चाळीसेक वर्षांपूर्वी बेलखडीच्या, सुट्टीवर आलेल्या फौजींनी तो जिंकला आणि त्याच पावसाळ्यात वादळाने भिंतही नेली, गॅलरीही नेली. पुढची स्पर्धा झालीच नाही. कप बेलखडीत राहिला तो राहिलाच.

करंजखोलात याची म्हण झाली. उसनी वस्तू कुणी परत केली नाही की तिथली माणसं म्हणतात, ‘घाटावरच्यांनी नेलेला कप.’ ज्योतिबा त्या संघाचे कप्तान. पलटणीतला एक कोकणी हवालदार त्यांना हे येताजाता ऐकवायचा आणि ते त्यांच्या जिव्हारी लागायचं. आता नवी भिंत झाली, मैदान रविवारी पुन्हा उघडायचं ठरलं, तेव्हा त्यांनी सौमित्रला शब्द दिला होता, की त्याच मैदानावर, माझ्या हाताने कप परत देईन. सत्तरीच्या या माणसाला जगाकडून दुसरं काही नको होतं. आज शनिवार होता आणि कपाट रिकामं होतं.

ज्योतिबा मांडवाकडे वळले. आवाज परेडचाच होता.

"ह्ये काम ओढ्यापल्याडच्या लाल्याचं हाय. दुसऱ्या कुणाचं न्हाई. दिवस माथ्यावर यायच्या आत कप आला न्हाई, तर मी कराडला फौजदाराकडं जाणार."

ज्योतिबांच्या बायकोने, मनुबाईंनी, पदर तोंडाला लावला आणि त्या आत निघून गेल्या.

२

सौमित्र रडकुंडीला आला होता. मैदानाच्या समितीला काय सांगू, असं तो तीनतीनदा विचारत होता. चारुलताबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं आणि त्या कपाटाशी गेल्या. काय गेलं ते सगळेच सांगतात, त्याला अक्कल लागत नाही. काय राहिलं ते बघावं, हा त्यांचा उभ्या नोकरीतला नेम होता.

कुलूप धड होतं. किल्लीने उघडलेलं आणि किल्लीनेच पुन्हा लावलेलं. किल्ली स्वयंपाकघरात देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला असते आणि ही गोष्ट घरालाच काय, अख्ख्या भावकीला ठाऊक होती. म्हणजे इथे काही हाती लागलं नाही.

मग त्यांना कपाचं झाकण दिसलं. कप नेणाऱ्याने ते काढून नीट पुसून फळीवर ठेवलं होतं. आणि कपाच्या जागी चिमूटभर तांदळावर एक सुपारी होती, हळदकुंकू लावलेली.

सौमित्रने विचारलं, "मावशी, चोर सुपारी ठेवून जातो?"

"देव उजळायला सोनाराकडे नेतात, तेव्हा जागा मोकळी राहू नये म्हणून ठेवतात सुपारी," त्या म्हणाल्या. "नेणारा परत आणून ठेवणार होता."

"पण झाकण का ठेवलं?"

ते मात्र त्यांनाही कळत नव्हतं. विकायला नेला असता तर झाकणासकट नेला असता. उजळायला नेला असता तरी झाकण आधी नेलं असतं, कारण तेच जास्त काळवंडलेलं होतं.

ओसरीवर चहा आला. जानेवारीचा महिना, आजूबाजूला नजर पोचेल तिथवर ऊस, आणि चहा साखरेचा. चारुलताबाईंनी सहज विचारलं, की गुळाचा नाही का मिळणार. ज्योतिबांनी चहाचा कप बशीत आदळला. या घरात गूळ येत नाही, असं ते म्हणाले. आणि मग लालासाहेबांची सगळी कथा बाहेर आली.

लालासाहेब त्या संघाचे गोलकीपर. अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणाला त्यांनी पेनल्टी मुठीने उडवली, ती भिंतीवरून समुद्रात. होडीवाला नेमका सामना बघायला गॅलरीत चढलेला. गडी मागचापुढचा विचार न करता भिंतीवरून उडी टाकून चेंडूमागे पोहत गेला. इकडे शिट्टी झाली, भरतीचं पाणी चढायला लागलं, प्रमुख पाहुण्यांचे बूट भिजले आणि त्यांनी घाईघाईने कप देऊन टाकला. फोटो निघाला. लालासाहेब चेंडू घेऊन बाहेर आले तेव्हा फोटोवाल्याने कॅमेऱ्याचं तिकाटणं मिटलेलं होतं. सौमित्रकडच्या फोटोत दहाच खेळाडू का, हे कोडं त्याला कधीपासून पडलं होतं. ते आत्ता सुटलं.

"पाव्हणा थांबंना, त्याला मी काय करू?" ज्योतिबा म्हणाले. "ह्यो म्हणतो, तू थांबला न्हाईस. गावात कपाची मिरवणूक निघाली, त्यातबी आला न्हाई. त्या दिवशी मी गूळ सोडला."

कारण बेलखडीत गूळ म्हणजे लालासाहेबांच्या गुऱ्हाळाचा गूळ. तेव्हापासून या घरात साखरेचा चहा, साखरेची पुरणपोळी आणि संक्रांतीला नुसता हलवा. हा हट्ट ऐकून चारुलताबाईंना हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. चाळीस वर्षं एखाद्यावर रुसायचं तर तो माणूस तेवढा जवळचा असावा लागतो.

तेवढ्यात सौमित्रने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. ज्योतिबांच्या पुतण्याचं, पृथ्वीराजचं, स्टेटस होतं. आदल्या रात्री टाकलेलं. कपाचा फोटो आणि खाली, ‘आपला कप गाव सोडणार नाही.’

३

पृथ्वीराज ग्रामपंचायतीचा सदस्य. मिशी पीळदार, पण छाती आतून नाजूक. चारुलताबाईंनी त्याला गोठ्यामागे गाठून एवढंच विचारलं, की कपाटाला हात कधी लावलास. त्याने आधी कानावर हात ठेवले, मग तेच हात जोडले.

त्याचं म्हणणं असं, की कप आपल्या गावाने जिंकला, कोकणात मैदान राहिलं नाही तो काही आपला दोष नाही. म्हणून सकाळी चुलते आंघोळीला गेल्यावर त्याने किल्ली काढली होती. कप आठवडाभर वैरणीत दडवायचा, उद्घाटन होऊन जाऊ द्यायचं आणि मग सापडला म्हणून आरोळी ठोकायची, असा बेत होता.

"पण काकू, कप आधीच न्हवता. आईशपथ. नुसती सुपारी. गुमान कुलूप लावलं आन् मांडवात जाऊन बसलो."

झाकण नेलं असतंस तरी कप अडला असता, असं त्या म्हणाल्या. ते सुचलं नाही, असं तो प्रांजळपणे म्हणाला. चारुलताबाईंचा त्याच्यावर विश्वास बसला. खोटं बोलणारी माणसं स्वतःला जास्त हुशार दाखवतात.

म्हणजे कप त्याच्याही आधी, पहाटेच गेला होता. बाहेरचं माणूस पहाटे देव्हाऱ्यापर्यंत जाऊन किल्ली घेत नाही, सुपारीला हळदकुंकू लावत नाही. नेणारं माणूस घरातलं होतं, आणि ते झाल्या प्रकारावर गप्प होतं. चोरी नव्हती तर मग ते गप्प का?

दिवस माथ्यावर आला. हलगीवाले हलग्या गुंडाळून घरी गेले. ज्योतिबांनी पायात बूट चढवले आणि कराडला जायला मोटारसायकल बाहेर काढायला सांगितलं.

४

ज्योतिबांना तासाभराने जा, असं सांगून चारुलताबाईंनी कसंबसं थोपवलं. मनुबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. डोळे लाल होते, पण पाहुणी जेवल्याशिवाय उठली तर घराची अब्रू जाते, म्हणून त्यांनी पानं मांडली होती. जेवणं झाली. त्यांनी चारुलताबाईंच्या हातात एक स्टीलचा डबा ठेवला.

"ताई, ह्यो तुमचा. मागल्या खेपंला सौमित्रदादांच्या हाती चिवडा धाडला व्हता तुमी."

चारुलताबाई तो डबा विसरूनही गेल्या होत्या. घेतला तर जड लागला. झाकण उघडलं तर आत तिळाच्या वड्या, नीट कापलेल्या, वर खोबरं पेरलेलं. घरात एवढा गोंधळ, नवरा फौजदाराकडे निघालेला, तरी या बाईने पाहुणीचा डबा भरून दिला होता. त्यांनी एक वडी तोंडात टाकली आणि त्यांच्या दातांनी त्यांच्या डोक्याच्या आधी उत्तर दिलं. वडी गुळाची होती, साखरेची नव्हती.

त्या मनुबाईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी दार लोटलं.

"वहिनी, कप किती भरलाय?"

मनुबाईंनी चुलीपुढे पाट सरकवला.

५

उलगडा चारुलताबाईंनी तिथेच, चुलीपुढे बसून केला. कोण, कुठे आणि का, ही तिन्ही उत्तरं त्या डब्यात होती. झाकण ठेवून भांडंच तेवढं नेणाऱ्याला भांड्यात काहीतरी घालायचं असतं. दुसऱ्याचं भांडं परत करताना ते रिकामं द्यायचं नाही, ही घराघरातली रीत. ती मनुबाई विसरतील तर सूर्य पश्चिमेला उगवेल. कप करंजखोलच्या लोकांचा, म्हणजे ते परक्याचं भांडंच झालं. आणि ज्या घरात गूळ बंद, तिथे गुळाच्या वड्या होतात, म्हणजे घरची बाई मालकाच्या नकळत लालासाहेबांच्या गुऱ्हाळावर जाते.

मनुबाईंनी डोळे पुसले. "इतकी वर्सं लोकांचं भांडं आमी वापारलं, ताई. आन् मोकळंच धाडायचं? मग त्यांनी नावं ठेवली तर चुकलं काय त्यांचं?"

मूठभर गूळ घालून लगेच परत आणायचा, एवढाच त्यांचा बेत होता. पण लालासाहेबांनी कप हातात घेतला आणि ते हरखून गेले. जुना गूळ कशाला, म्हणाले, आणि काहिलीतला नुकता उतरवलेला, वाफाळता गूळ त्यांनी कपात काठोकाठ ओतला. कपाला हात लावायची सोय राहिली नाही. निवला की दुपारपर्यंत पोचवतो, असं म्हणून त्यांनी मनुबाईंना घरी पाठवलं. पाहुणे दुपारीच यायचे होते. पण चारुलताबाईंना लवकर निघायची खोड, त्यामुळे वाटेवरच्या मलकापुरातून फोन गेला तो सकाळीच, आणि ज्योतिबांनी तेव्हाच मांडव भरवला. म्हणजे या सगळ्या घोटाळ्यात आपलाही वाटा आहे, हे चारुलताबाईंनी मनातल्या मनात कबूल केलं.

"मग मांडवात सांगायचं ना वहिनी."

"कसं सांगू? मालकांनी साऱ्या गावापुढं भावजींना चोर म्हटलं. कप त्यांच्या गुऱ्हाळात हाय म्हटल्यावर लोक काय म्हणतील? नाव माझं न्हाई निघणार, त्यांचं निघंल. आन् तिकडं भावजींच्या कानावर गेलंय. ते म्हणत्यात, ज्यानं चोर म्हटलं त्यानंच कप मागायला यायचं."

बाई उगाच घाबरली नव्हती. सत्य सांगितलं असतं तर ज्याने काही केलं नाही तोच माणूस चोर ठरला असता. चारुलताबाई बाहेर ओसरीवर आल्या. ज्योतिबांनी गाडीला किक मारली होती.

"सुभेदार, कप सापडलाय," त्या म्हणाल्या. "चोरी झालेलीच नाही, हे मी लिहून देते. पण कप मी आणून देणार नाही. तुम्हाला चालत यावं लागेल."

"कुठं?"

"ओढ्यापलीकडे."

ज्योतिबांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा दारात उभ्या मनुबाईंकडे पाहिलं. मनुबाईंनी मान खाली घातली नाही. त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं, भांड्याची रीत, वड्या आणि इतक्या वर्षांचा चोरून आणलेला गूळ. गाडी फटफट करत तशीच उभी राहिली. शेवटी पृथ्वीराजने हळूच पुढे होऊन ती बंद केली.

६

लालासाहेब गुऱ्हाळाच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभे होते. माणूस आडवातिडवा, अजूनही गोल अडवील असा. मागे पाटावर दर्या करंडक होता. आतला गूळ घट्ट बसला होता आणि काठावर सोनेरी कंगोरा आला होता. सौमित्रने कपाळाला हात लावला. हे काढायचं कसं, याची त्याला चिंता. चारुलताबाईंनी कप चारी बाजूंनी पाहिला आणि कोमट पाणी, नुकसान काही नाही, असा निकाल दिला.

त्या दोघांकडे कुणी लक्ष दिलं नाही. अर्धा गाव ओढा ओलांडून मागे आला होता आणि सगळे दोन म्हाताऱ्यांकडे पाहत होते.

"चोर म्हणालास मला," लालासाहेब म्हणाले. "गावापुढं."

ज्योतिबांनी वाकून ढेपेजवळ पडलेला गुळाचा एक खडा उचलला, तोंडात टाकला आणि चावत राहिले. त्यांना बराच वेळ लागला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

"चुकलं माझं, लाला," ते म्हणाले, आणि तेही मांडवातल्याच आवाजात, मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं. "आजचंबी चुकलं आन् तवाचंबी. पाव्हण्याला मी थांब म्हणायला पायजे व्हतं. म्हटलं न्हाई. कप हातात आला आन् मला दुसरं कायच दिसंना."

लालासाहेबांची हाताची घडी सुटली. एवढं ऐकायला त्यांनी चाळीस वर्षं काढली होती आणि आता ते आल्यावर काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी उगाचच कपावर बसलेली माशी हाकलली.

"उद्या कप तू द्यायचा," ज्योतिबा म्हणाले.

"येडा हायस का? शबूद तू दिलायस."

"दिलाय. पर पेनल्टी कुणी अडवली? मी?"

यावरून त्यांची जी जुंपली ती गाडीत बसेपर्यंत. तू दे, तू दे. दोघेही हट्टाला पेटलेले, पण आता भांडण उलट्या बाजूने चालू होतं. पुढची सीट आपली असं चारुलताबाई धरून चालल्या होत्या, तर तिथे मनुबाई कप मांडीवर घेऊन आधीच बसल्या होत्या. भांडं मी भरलंय, तर पोचवायलाही मीच येणार, असं त्यांनी सांगितलं. चारुलताबाईंना मागे दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये बसावं लागलं आणि घाट उतरेपर्यंत पेनल्टीच्या दोन वेगवेगळ्या हकिगती दोन कानांनी ऐकाव्या लागल्या.

रविवारी दर्या मैदानावर माणूस मावत नव्हता. नव्या भिंतीपलीकडे समुद्र शांत होता. ज्योतिबांचं नाव पुकारलं गेलं आणि ते कप घेऊन मधोमध चालत गेले. लालासाहेब तिथपर्यंत सोबत यायला कसेबसे तयार झाले होते. समितीच्या अध्यक्षांनी हात पुढे केले. ज्योतिबा क्षणभर थांबले. ज्या एका क्षणासाठी त्यांनी इतकी वर्षं बोलणी सोसली तो समोर होता. त्यांनी कप शेजारी उभ्या लालासाहेबांच्या छातीशी टेकवला आणि सोडून दिला. आता गोलकीपरच तो. छातीवर आलेली वस्तू खाली पडू देणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

लालासाहेबांनी कप झेलला, ज्योतिबांना हळू आवाजात एक कचकचीत शिवी हासडली आणि कप अध्यक्षांच्या हाती दिला. अध्यक्ष त्या वजनाने वाकलेच. त्यांनी आत डोकावून पाहिलं, मग चक्रावून कप्तानाकडे पाहिलं.

"लय उशीर झाला," ज्योतिबा म्हणाले. "गोड मानून घ्या."

मैदानात आधी हसू फुटलं आणि मग टाळ्या, त्या बराच वेळ चालल्या. ज्योतिबा त्या टाळ्यांत दोन्ही हात रिकामे सोडून उभे होते, आणि त्यांच्याइतका सुखी माणूस त्या दिवशी तिथे दुसरा नव्हता. कुणीतरी नारळ सोलायचा कोयता आणला. त्याच्या टोकाने गूळ फोडून वाटला गेला, आणि दुपारी सौमित्र कोमट पाणी घेऊन आला तेव्हा कपात धुण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.